तिन्ही जागांचा लेव्हॉन

"मिस ओडेसा, परत नंबर बदलायला सांगितलाय," लेव्हॉन ट्रूसडेल दारातूनच म्हणाला. हातात जर्सी, चेहरा पडलेला.

मी शिलाई मशीनवरून मान वर केली. "आता कुठे घातलं तुला?"

"मध्ये. काल कडेला होतो, त्याआधी मागे."

"उद्या तिकिटं फाडायला बसवतील. आण इकडे."

आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये जागेप्रमाणे नंबर असतो, आणि बचाव करणारा पोरगा जन्मभर एकच जागा राखतो. मधला असेल तर धडका घेतो, कडेचा असेल तर वाऱ्यासारख्या पोरांमागे धावतो, मागचा असेल तर सगळे चुकल्यावर अब्रू राखतो. लेव्हॉनला तिन्ही जागा जमायच्या. कोच मंडळी त्याला अष्टपैलू म्हणायची आणि पाठ थोपटायची. या क्लबच्या कपड्यांच्या खोलीत माझे केस पांढरे झालेत, त्यामुळे या कौतुकाचा अर्थ मला ठाऊक होता. ज्याला हक्काची जागा देता येत नाही, त्याला अष्टपैलू म्हणतात. कॉलेजातून पोरं निवडली गेली तेव्हा मिसिसिपीतल्या या पोराला कोणीच निवडलं नव्हतं. चाचणी शिबिरात तो आपल्या पायांनी आला होता, आणि त्याला पाठवून द्यायला कोणाला कारण लागणार नव्हतं.

त्याच्या मागून सिओने आत आला. हा सॉल्ट लेक सिटीचा, मूळ टोंगा बेटांवरच्या घरातला पोरगा. खांदे दारात मावायचे नाहीत आणि हसू तोंडात.

"आंटी, याच्या पाठीवर तिन्ही नंबर एकदाच शिवा. कटकट मिटेल."

"तुझ्या पाठीवर शिवते, तिथे जागा भरपूर आहे," मी म्हटलं.

दोघं शिबिरात एकाच खोलीत राहायचे. आणि बचावफळीत आता एकच जागा उरली होती. या दोघांपैकी एकालाच ती मिळणार, हे इमारतीतल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. शिबिरात जर्सीवर नुसता नंबर असतो. नाव मी शेवटच्या छाटणीनंतर शिवते, आणि जे राहतात त्यांचंच शिवते.

सिओनेच्या अंगात रेड्याचं बळ, पण समोरच्यांचा डाव ओळखायला त्याला वेळ लागायचा. लेव्हॉनला मात्र चेंडू सुटायच्या आधीच सगळं दिसायचं, स्वतःचं आणि दुसऱ्याचंही. मग तो दातांवरचं रबरी कवच तोंडातून ओढून काढायचा आणि बोंब ठोकायचा, "डावीकडे, सिओने! डावीकडे सरक, टोणग्या!" सिओने मागे वळूनही न बघता सरकायचा. त्याचा लेव्हॉनवर तेवढा भरवसा होता.

शेवटच्या सराव सामन्याच्या आदल्या दिवशी बचावाचे कोच ब्रुनर माझ्या दाराशी लेव्हॉनला गाठून बोलत होते. माणूस वाईट नव्हता. भल्यासाठीच सांगत होता.

"दुसऱ्यांचे संसार किती दिवस सांभाळणार तू?"

"सर, सिओनेला दिसत नाही म्हणून—"

"मग न दिसू दे. रात्रभर बसून मी सामन्यांची फिल्म बघतो. त्यात मला तुझे पाय दिसतात, तोंड नाही. फिल्मला आवाज नसतो, पोरा. तू तुझी जागा सांभाळ."

लेव्हॉन मान डोलावून गेला. त्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये ताट न संपवताच उठला, असं सिओनेनेच मला सांगितलं. "आंटी, याला जरा समजवा. माझ्या वाटचं मीच खातोय आणि त्याच्या वाटचंही."

सामन्याला मी मैदानाच्या कडेला सुई-दोरा आणि जादा जर्सी घेऊन उभी असते. फाटलं की तिथल्या तिथे टाके. त्या दिवशी उकाडा असा, की दोरा बोटाला चिकटत होता. लेव्हॉन एकाच सामन्यात तिन्ही जागांवर खेळला. चुकला कुठेच नाही, पण डोळ्यांत भरेल असंही काही हातून झालं नाही. शेवटच्या टप्प्यात तो आणि सिओने मागे शेजारी शेजारी उभे होते. आम्ही जेमतेम पुढे होतो.

समोरची पोरं रचनेत उभी राहिली. त्यांचा सगळ्यात चपळ गडी एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकला. त्याच्यामागे जायचं काम सिओनेचं, पण तो होता तिथेच राहिला. त्याच्यासमोर नुसतं गवत. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसलं, तर लेव्हॉनला दिसलं नसेल?

दिसलंच. त्याने सिओनेकडे पाहिलं. हात कवचापाशी गेला. मी मनात म्हटलं, आता ओरडतोय.

हात तसाच खाली आला. कवच दातांतच राहिलं.

चेंडू सुटला. तो गडी चेंडू झेलून रिकाम्या वाटेने थेट शेवटच्या रेषेपार गेला. आमची आघाडी गेली. लेव्हॉन आपल्या जागी खुंटासारखा उभा होता, अगदी शिकवलं होतं तसा.

दुसऱ्या दिवशी फिल्मच्या खोलीत काय झालं, ते मला सांगायला दहाजण आले. ब्रुनरनी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला.

"हा कोणाचा माणूस?"

सिओनेने हात वर केला. "माझा, सर."

"आणि हा बघा ट्रूसडेल. जागा सोडली नाही. शिका याच्याकडून."

छाटणीच्या सकाळी बोलावणं घेऊन येणाऱ्या माणसाला पोरं तुर्क म्हणतात. का, ते कोणालाच माहीत नाही. आमचा तुर्क चष्मेवाला, सौम्य आवाजाचा. तो दिसला, की आडदांड पोरं बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकतात. लेव्हॉन माझ्याकडे हेल्मेटचा पट्टा घेऊन आला होता. पट्ट्याला काही झालं नव्हतं. सिओने खोक्यावर बसून पाय हलवत होता.

तुर्क दारात आला. नाव घ्यायच्या आधीच लेव्हॉन उभा राहिला.

"तू बस," तुर्क त्याला म्हणाला. "सिओने, कोच बोलावताहेत. टॅबलेट घेऊन ये."

टॅबलेटमध्ये क्लबचे डाव असतात. तो परत मागितला, की पुढचं काही सांगावं लागत नाही.

सिओने परतला तेव्हा त्याच्या हातात कचऱ्याची काळी पिशवी होती. इथून जाणाऱ्यांचे बूट-कपडे त्यातच भरतात. त्याने वाकून माझ्या गालाला गाल लावला. मग लेव्हॉनपुढे उभा राहिला.

"तू ओरडला असशीलच रे. त्या गोंगाटात मला ऐकूच आलं नाही. माझंच चुकलं. मनाला लावून घेऊ नकोस."

"गोंगाट होता," लेव्हॉन म्हणाला.

"होता ना!" सिओनेने त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि पिशवी खांद्यावर टाकून तो गेला.

मला लेव्हॉनचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदमच. दोन पोरं आणि जागा एक, हे काही त्याने ठरवलं नव्हतं. मी सुईत दोरा ओवायला घेतला. तो पट्टा न घेताच निघून गेला.

दुपारी मी त्याचं नाव शिवलं. ट्रूसडेल. लांब नाव, खांद्यापासून खांद्यापर्यंत आलं. न्यायला आला तेव्हा त्याने एकेका अक्षरावरून बोट फिरवलं आणि घडी घातली.

मोसमाचा पहिला खरा सामना. लेव्हॉनने कवच दातांत धरलंच नाही. ते हेल्मेटच्या जाळीला लोंबकळत होतं आणि हा ओरडत होता. सरक, मागे ये, तुझा माणूस, तुझा माणूस! ज्यांना आपली जागा नीट ठाऊक होती, त्यांनाही सांगत होता. शेवटी मधला एक जुना खेळाडू वैतागला, "अरे बाबा, ऐकू येतंय! बहिरे नाही आम्ही!"

तरी तो थांबला नाही. सामना आम्ही जिंकलो.

सगळे आंघोळीला गेल्यावर तो धुवायची जर्सी घेऊन माझ्या टेबलाशी आला. चिखलाने नाव अर्धं झाकलं होतं. जर्सी माझ्या हातात देऊन काही सांगायला त्याने तोंड उघडलं. ओरडून बसलेल्या घशातून नुसती हवा आली.

"राहू दे," मी म्हटलं. तरी तो तिथेच उभा राहून पुन्हा पुन्हा बोलू बघत होता.