दोष माझ्या चाकाचा होता

मी पासलीच्या आनंदरावांची पांढरी पिकअप बोलतेय. बोलतेय कसली, कण्हतेय म्हणा. बारा वर्षं झाली, डोंगरातून भाताची पोती वाहतेय. कधी पोती, कधी पत्रे, कधी वऱ्हाड, एकदा तर अडलेली बाळंतीण. जो उठतो तो माझ्याच पाठीवर. आता नको वाटतं बाई. पण एक गोष्ट पोटात सलतेय, ती एकदा सांगून टाकते.

इतकी वर्षं माझ्या स्टिअरिंगवर हात एकट्या आनंदरावांचा. बसायच्या आधी पाया पडायचे, मग खांद्यावरच्या टॉवेलनं काच पुसायचे. त्यांच्या बायकोचा, अंबूबाईंचा, ठरलेला टोमणा होता, "माझ्यापरीस त्या गाडीचीच काळजी जास्त." गावात कुणाला काही न्यायचं असलं की हाक आनंदरावांनाच. उतारवयात कुणाची तरी हाक लागते हो माणसाला. ती त्यांना माझ्यामुळं मिळत होती.

गेल्या दिवाळीला त्यांचा मुलगा गोरख आला. तो भोरला कचेरीत नोकरीला. वेल्ह्यात मित्राकडं जातो म्हणून मला घेऊन गेला, आणि येताना काय ती घाई! पुढचं डावं चाक धाडकन खड्ड्यात. जीव कळवळला माझा. गोरख उतरला, टायरला बाहेरून एक लाथ घालून बघितली. हवा आहे, झालं तर मग! घरी येऊन चकार शब्द काढला नाही.

त्या दिवसापासून मी डावीकडं ओढायला लागले. मुद्दाम नाही हो. चाकाला वळवणारा दांडा वाकला होता. स्टिअरिंग सरळ धरलं तरी मी आपली गटाराकडं. आनंदराव मला उजवीकडं दाबून धरायचे, पासली ते वेल्हे, वेल्हे ते भोर. घरी आले की खांदा चोळून घ्यायचे. तेल लावता लावता अंबूबाईंनी विचारलं तर म्हणायचे, "वय झालं गं. हात न्हाई ऱ्हायला पयल्यासारका." मी दारातच उभी, सगळं ऐकायचे. मेलं तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं!

असे तीन महिने गेले. माघात एका वळणावर मी मोरीच्या कठड्याला घासले. कुणाला खरचटलंही नाही, फक्त माझा आरसा गेला. पण शेजारी बसलेल्या अंबूबाई भ्याल्या आणि त्यांनी लेकाला फोन केला. गोरख आला, मला घरी घेऊन आला. माझी ओढ त्यालाही जाणवली असणारच. पण कबूल करायचं म्हणजे दिवाळीपर्यंत मागं जावं लागलं असतं.

तो म्हणाला, "आबा, बास झालं आता. नजर गेली तुमची. कुणाचा तरी जीव घेताल." आनंदराव काही बोलायच्या आत त्यानं खुंटीवरची चावी काढून खिशात घातली.

मग दोन महिने मी गोठ्याशेजारी. माझ्या हौद्यात कोंबड्या अंडी घालायच्या. आनंदराव ओट्यावर बसून असायचे. पोत्यांसाठी कुणी आलं की म्हणायचे, "दुसरी गाडी बगा." हळूहळू लोकांनी यायचंच सोडलं.

शेवटी गोरखनं मला विकायला काढलं. जुन्या गाड्या घेणाऱ्या उत्रोलीच्या मानसिंगनं बोलावलं होतं. कागद आनंदरावांच्या नावावर, सही त्यांची, म्हणून तेही सोबत आले. मानसिंगनं मला थोडं पळवलं, हात सोडून बघितलं आणि म्हणाला, "ही तर डावीकडं खेचतीया. आदी चाकांचं अलाइनमेंट करून आणा, मग बोलू."

भोरात कुमारच्या गॅरेजवर नेलं. त्यानं चाकांना यंत्र लावलं. पडद्यावर लाल आकडे उमटले. मग तो खाली वाकला आणि माझ्या टायरच्या आतल्या बाजूनं हात फिरवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी!

"हे बगा. भाईरून टायर चांगला, आतून तारा निगाल्यात. पाऊल वाकडं पडलं की चप्पल एका बाजूनं झिजती, तसं झालंय. आबा, गाडी खेचत व्हती, तुमाला कळलं न्हाई?"

"कळलं की," आनंदराव म्हणाले. "मला वाटलं माझाच हात खेचतोय."

"जोरात आदळल्याबिगर असं व्हत न्हाई. कुठं आदळली?"

आनंदराव विचारात पडले. "आठवत न्हाई बा. आदळली आसंल माज्याच हातून."

ते ऐकलं आणि मला वाटलं, आता धरणी फाटून मला पोटात घेईल तर बरं. गोरखनं मान खाली घातली.

"त्यांच्या हातून न्हाई," तो म्हणाला. "माझ्या हातून. दिवाळीत."

आनंदराव स्टुलावर बसून आपल्याच तळहातांकडं बघत राहिले. कुमारनं दांडा बदलला, टायर बदलला, नट फिरवत फिरवत आकडे जुळवले. गोरखनं चावी वडलांपुढं धरली. "आबा, तुमीच चालवा."

निघालो. मी कशी सुतासारखी सरळ! पण आनंदरावांच्या हाताला लागलेली सवय कुठं जाते? मी सरळ आणि ते मला उजवीकडं दाबतात. समोरून एसटी आली, तिनं कचकचून हॉर्न दिला. भाटघरला आनंदरावांनी मला कडेला घेतलं, स्टिअरिंग टॉवेलनं नीट पुसलं आणि चावी काढून लेकाच्या हातावर ठेवली.

"आवो, गाडी नीट झालीया की आता," गोरख म्हणाला.

"म्हणून तर. त्या दिशी तू काडून घेतलीस. आज म्या देतोय. आन हिला इकायचं न्हाई."

गोरख रडला. रडू दे, म्हटलं.

आता रविवारी तो येतो आणि पोती नेतो. हाक मात्र पुन्हा ओट्यावरच येते, "आनंदराव, दहा पोती हायती बरं का!" मी थकलेय. क्लच कुरकुरतो, पत्रा गंजलाय, किती दिवस निघतील ठाऊक नाही. तुम्हाला एवढंच सांगते, कुणाचं वय झालं म्हणायच्या आधी जरा खाली वाकून टायर आतून बघत जा.

आनंदराव आता डाव्या बाजूला बसतात. मी नीट चालते. पण वळण आलं की त्यांची मूठ मांडीवरच आवळते आणि उजवीकडं वळते, अजून मला सांभाळत. मग मला सरळ चालायची लाज वाटते.