चौथं शील

हाम्बुर्गच्या बंदरात जहाजावर चढताना क्रांतीने काउंटरवर दोन पासपोर्ट ठेवले. आईचा निळा वर, स्वतःचा लालसर खाली. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही उचलले, केबिनची कार्डं दिली आणि सुखाच्या प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या. आई, म्हणजे नंदाबाई, तेव्हा मान वर करून छताचं काचेचं झुंबर बघत होत्या. त्यांना काही दिसलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. क्रांतीच्या मनात तर मे महिन्यापासून लख्ख उजेड पडलेला होता.

मे महिन्यात क्रांती आणि तिचा नवरा सुयश जर्मन नागरिक झाले. न्युरेम्बर्गच्या ऑफिसात केक कापला गेला, कुणीतरी टेबलावर छोटा झेंडाही खोचला. औरंगाबादला मात्र यातलं अक्षरही कळवलेलं नव्हतं. औरंगाबादला क्रांतीचे बाबा लहू, वीज मंडळातून रिटायर झालेले आणि हृदयात स्टेंट बसवून घेतलेले, घरावर एक मजला चढवत होते. कुणासाठी, तर परत येणाऱ्या लेकीसाठी. "दोनच वर्षं बाबा, मग येतोच," हे क्रांतीने जर्मनीतल्या आखनला मास्टर्स संपल्यावर पहिल्यांदा सांगितलं आणि मग दर चौदा एप्रिलला, जयंतीच्या फोनवर, जय भीमच्या पाठोपाठ सांगत राहिली. आता २०१६ साल होतं आणि ती दोन वर्षं काही संपत नव्हती.

आई तीन महिन्यांसाठी आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात सांगून टाकायचं ठरलं होतं. मग पहिल्या आठवड्यात आई दमलेली होती, दुसऱ्यात तिला सर्दी झाली आणि तिसऱ्यात ती इतकी खूश होती की सांगवेना. शेवटी क्रांतीने ही सहल काढली. उत्तर जर्मनीतल्या प्रसिद्ध कील कालव्यातून जाणारं लहानसं पण भलतंच महागडं जहाज, बाल्कनीवाली केबिन, रोज रात्री पाच पदार्थांचं जेवण. सरळसरळ लाच होती ती, आणि हे क्रांतीला चांगलं ठाऊक होतं.

सुयशला डेडलाइन होती म्हणून तो घरीच राहिला. स्टेशनवर सोडायला आला तेव्हा आई पुढे गेल्याचं बघून म्हणाला, "म्हणजे, आईंना एक वाक्य सांगायला तू अख्खं जहाज बुक केलंस. किचनमध्ये सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

"गप रे. कालव्यात सांगते. निवांत."

एवढं सगळं बघून बुक करणाऱ्या क्रांतीने एकच गोष्ट बघितली नव्हती. कालव्याचा दिवस होता एकोणीस जुलै, आणि त्या दिवशी आषाढ पौर्णिमा होती. जर्मन कॅलेंडरात पौर्णिमेला तारखेशेजारी एक इवलासा गोल असतो. तो बघायची सवय तिची कधीच सुटली होती. नंदाबाईंची नव्हती. शाळेतली नोकरी, पोर, सासू, आजारपणं, काहीही असलं तरी पौर्णिमेला त्या अष्टशील पाळत. पांढरी साडी, दुपारी बारानंतर अन्न नाही, नाचगाणं नाही, उंच मऊ बिछान्यावर झोपणं नाही. थोडक्यात, ज्या ज्या गोष्टींसाठी लोक या जहाजावर येतात त्यातली एकही नाही.

सकाळी क्रांती उठली तेव्हा आई अंघोळ करून पांढरी साडी नेसून गालिच्यावर बसलेली होती. समोरच्या ड्रेसिंग टेबलावर मोबाइल उभा करून त्यात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला होता.

"आई, आज पौर्णिमा आहे? अगं, सांगायचंस ना! मी तारीख बदलली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं. एवढ्या हौसेनं काढलंस. मला काय, मी बघेन की कालवा. बघायला कुठं बंदी आहे? ये, बस."

क्रांती बसली. आधी लेकीबरोबर पंचशील, मग आईचं एकटीचं अष्टशील, असा त्यांचा जुना क्रम होता. आई एक ओळ म्हणायची, लेकीने मागून म्हणायची. आणि या घराचा एक नियम होता, जो कुठल्या विहारात सांगत नाहीत, नंदाबाईंनीच केलेला: जे शील पाळणं जमणार नाही ते तोंडाने म्हणायचं नाही. खोटं घेण्यापेक्षा गप्प बसावं. क्रांतीच्या लहानपणी बाबा अधूनमधून प्यायचे, तेव्हा ते पाचव्या शीलाला मान खाली घालून गप्प राहत. सगळ्या घराला कळायचं, कुणी काही बोलायचं नाही. एका सकाळी त्यांनी पाचवंही मोठ्याने म्हटलं, त्यानंतर आजपर्यंत थेंबाला शिवले नाहीत. त्या दिवशी आईने शिरा केला होता.

पहिलं, पाणातिपाता, झालं. दुसरं, अदिन्नादाना, झालं. तिसरंही झालं.

"मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि," आई म्हणाली. मी खोटं बोलणार नाही.

क्रांतीने तोंड उघडलं. आवाज आला नाही. असत्य बोलणं आणि सत्य न बोलणं यात फरक आहे असं तिने मे महिन्यापासून स्वतःला बजावलं होतं. ते इथे, गालिच्यावर मांडी घालून, हात जोडून बसल्यावर काही उपयोगाला आलं नाही. आईने क्षणभर वाट बघितली. मग मान न वळवता पाचवं सुरू केलं.

नाश्त्याला आईने पोटभर खाल्लं, कारण पुढे दुपारी बाराच्या आत एकदाच जेवायचं होतं. सकाळचा विषय तिने काढला नाही. लेकीला वाटलं, कदाचित लक्षात आलं नसेल. पण पस्तीस वर्षं वर्गात कोण पाढा म्हणतंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय हे ओळखलेली बाई ती.

ब्रुन्सब्युटेलला, कालव्याच्या तोंडाशी, जहाज लॉकमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी जुळवणाऱ्या कुंडीत, शिरलं. मागे लोखंडी दार बंद झालं, पाणी हळूहळू थोडंसं सरकलं आणि पुढचं दार उघडलं. आई म्हणाली, "एवढंच? मला वाटलं, धबधबा असेल." मग दोन्ही काठांनी हिरवीगार जर्मनी चालू लागली. बांधावर मेंढ्या, सायकलवर म्हातारी जोडपी, गाड्या घेऊन इकडून तिकडे जाणाऱ्या होड्या. समोरून मालवाहू जहाज आलं की वाटायचं, आता शेतातूनच येतंय. आई काठावरच्या प्रत्येकाला हात करत होती आणि काठावरचे लोकही उलटून हात करत होते. क्रांती तिच्या शेजारी कठड्याला टेकून पूल मोजत होती. आता सांगू, या पुलानंतर सांगू, असं करत तीन पूल गेले.

बारा वाजले आणि आईने ताट बाजूला केलं. क्रांतीनेही आपलं ताट सरकवलं. "तू खा की," आई म्हणाली, "तू कुठं अष्टशील घेतलंयस." ती नेहमीसारखंच बोलली होती, पण क्रांतीला ते बोचलं.

दुपारी रेंड्सबुर्ग आलं. तिथे उंचच उंच लोखंडी पुलाखाली, काठावरच्या हॉटेलातून जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांचं स्वागत करायची पद्धत आहे. जहाजावर ज्या देशाचं निशाण, त्या देशाचं राष्ट्रगीत लाउडस्पीकरवर लावतात आणि आपला झेंडा जरा खाली घेऊन वर करतात. डेकवर कॉफी आणि केकचा वेळ होता. सूर वाजायला लागले तशी नंदाबाई खुर्चीतून उठल्या आणि सावधानमध्ये उभ्या राहिल्या. पांढरी साडी, हात मांड्यांना चिकटलेले. आजूबाजूची मंडळी केक खातच होती. एका म्हाताऱ्या जर्मन बाईने त्यांच्याकडे बघितलं, काटा खाली ठेवला आणि तीही हळूच उठली.

गीत संपल्यावर आई बसली. "हे काही जर्मन राष्ट्रगीत नव्हे. टीव्हीवर फुटबॉलच्या वेळी ऐकलंय मी ते."

"नाही. जहाज दुसऱ्या देशात नोंदवलेलं आहे. कुठल्याशा बेटावर."

"मालक तिकडचे?"

"मालक जर्मन. नोंद फक्त तिकडची. सोयीचं पडतं."

"मग त्याचं घर कुठलं समजायचं?"

नंदाबाईंनी हे जहाजाबद्दलच विचारलं होतं. पण क्रांतीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि जे वाक्य किचनमध्ये जमलं नव्हतं ते तिथे, केक खाणाऱ्या लोकांमध्ये, बाहेर पडलं.

"आई, मी जर्मन पासपोर्ट घेतलाय. आम्ही दोघांनी. भारताचा परत केला."

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "कधी?"

"मेमध्ये."

"म्हणजे मी यायच्या आधी."

"हो."

"नोकरीसाठी लागतो का?"

इथे हो म्हणता आलं असतं. सुयशने तेच सुचवलं होतं. "नाही," क्रांती म्हणाली. "मला परत यायचं नाहीये, आई. जमत नाही असं नाही. मला इथे आवडतं. इथे कुणी आडनाव विचारून पुढचा प्रश्न ठरवत नाही. मी माझी मी असते इथे. बाबांना किती वाईट वाटेल म्हणून दर वर्षी दोन वर्षं, दोन वर्षं म्हणत राहिले."

पूल मागे पडला. आई काठाकडे बघत होती, पण आता कुणाला हात करत नव्हती.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "तू इथं राहतेस याचा नाही. राहा की. शिकवलं कशाला मग तुला? पण तो माणूस छातीत स्प्रिंग घेऊन उन्हात विटांवर पाणी मारतोय, क्रांती. मेपासून रोज. आणि तू त्याच्याशी फोनवर टाइल्सचे रंग बोलतेस. आज पौर्णिमा आहे म्हणून जास्त बोलत नाही."

"मी सांगते बाबांना. आज फोन आला की मीच सांगते."

"तूच सांग. मी नाही सांगणार."

संध्याकाळी कीलचं लॉक ओलांडून जहाज समुद्राला लागलं. खाली कप्तानाचं खास जेवण होतं. मायलेकी केबिनमध्येच बसल्या. आईने कपभर कोरा चहा घेतला, क्रांतीने तेवढाही नाही. फोन वाजला. क्रांतीनेच उचलला. पडद्यावर बाबांची अर्धी हनुवटी आणि मागे विटांची भिंत.

"जय भीम, बेटा! दिसतंय का? थांब, लाइट धरतो." बाबा धापा टाकत जिना चढून वर गेले होते. "ही तुझी खोली. गवंडी उद्या सकाळी खिडकीची चौकट बसवणार. मी म्हटलं, माझ्या मनानं नको, क्रांतीला विचारतो. पूर्वेला ठेवू की रस्त्याच्या बाजूला? तू राहणार, तुझं तू सांग."

क्रांती फोनकडे बघत राहिली. बाबांच्या कपाळाला सिमेंट लागलेलं होतं. ती बोलायला गेली आणि सकाळसारखाच आवाज आला नाही. तिने आईकडे बघितलं. बत्तीस वर्षांची इंजिनीअर बाई, आणि बघणं असं की दप्तर हरवलेलं पोर.

"हॅलो? आवाज येत नाही का? क्रांती?"

नंदाबाईंनी हात पुढे करून फोन घेतला.

"अहो, मी बोलतेय."

"तिला बोलू दे की."

"तिच्या तोंडात घास आहे. जेवतेय ती." आई जराही अडखळली नाही. "पूर्वेला ठेवा खिडकी. तिला सकाळचं ऊन आवडतं. आणि आता खाली उतरा बघू, गोळी घेतली का?"

"पूर्वेला! मी म्हटलंच होतं गवंड्याला," बाबा म्हणाले, आणि हसतहसत फोन ठेवला.

"आई," क्रांती म्हणाली, "आई, मी..."

"झोप आता," आई म्हणाली. दुलई घेऊन ती गालिच्यावर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं. चार माणसं सहज मावतील अशा त्या पलंगावर क्रांती एकटी, कडेला अंग चोरून पडून राहिली. आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

सकाळी बाल्कनीबाहेर नुसता समुद्र होता. आईने अंघोळ केली, रोजची निळ्या काठाची साडी नेसली, मोबाइल उभा केला आणि हात जोडले. क्रांती मागे येऊन बसली. आई म्हणत गेली, लेक मागून म्हणत गेली. पहिलं झालं. दुसरं, तिसरं झालं.

चौथ्याला आवाज आला नाही.

क्रांतीला वाटलं, आईला ठसका लागला असेल. तिने डोळे उघडले. आईचे हात जोडलेले होते, मान खाली होती, ओठ मिटलेले होते. बाबा बसायचे तशीच ती बसली होती. उभ्या आयुष्यात एकाही सकाळी ही बाई चौथ्या शीलाला गप्प राहिली नव्हती. आणि ती पुढच्या शीलाकडेही जाईना. तिथेच थांबून राहिली.

क्रांती उठली. औरंगाबादला आता साडेदहा झाले असतील, गवंडी आला असेल. उशाशी पडलेला आपला फोन तिने हातात घेतला. नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. मागे थापीचा आवाज येत होता.

"बोल बेटा! आत्ता चौकट उचललीच आम्ही."

"बाबा," क्रांती म्हणाली, "चौकट जरा खाली ठेवा. आणि तुम्ही बसा. मला तुम्हाला काही सांगायचंय."

तिच्या मागे, गालिच्यावर, आई अजून हात जोडून बसलेली होती.