सावलीतला सूर्यबाबा

सायकल स्टँडशेजारच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मांडवाच्या गार सावलीत, गालिच्यावरच्या चौरंगावर सूर्यबाबा डोळे मिटून बसले होते. समोर शालीखाली इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी. बाबांनी शालीत हात घालून काहीतरी पुटपुटलं, बाहेर डोकावणारा चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि गर्दी धन्य झाली.

"वायर नाही, प्लग नाही!" बाबा गरजले. "सूर्य माझ्यात, मी बॅटरीत! देहाचंही तेच. आत माझा चार्ज असताना सुया कशाला टोचून घेता?"

पहिल्या रांगेतल्या आत्यानं मान डोलावली. परवापासून तिनं इन्सुलिन सोडलं होतं. ओठ सुकले होते, बोलताना धाप लागत होती. मागे उभ्या असलेल्या तिच्या भाचीला, नर्सबाईला, शिसारी आली.

"आत्या, ऊठ. जिवावर बेतेल."

"गप गं! दोन बुकं काय शिकलीस, बाबांना अक्कल शिकवतेस?"

नर्सबाईनं दात आवळले. बाबा आल्यापासून स्टँडवर सायकली अर्ध्याच चार्ज होत होत्या. तिची स्वतःची काल पेशंटकडे जाताना मध्येच बंद पडली. लोक स्टँडच्या छतावरच्या सोलर पॅनेलना नावं ठेवत होते. आणि सूर्याचा हा लाडका उन्हात पाऊलही टाकत नव्हता!

सायकलवरचं दवाखान्याच्या चादरींचं गाठोडं उचलून ती शिडीनं छतावर चढली.

"आत्या, त्या दिव्यावरची नजर काढू नकोस!"

तिनं पॅनेल झाकले. दिवा विझला.

"पाप्याची सावली पडली!" बाबा ओरडले.

तिनं चादरी बाजूला ओढल्या. दिवा लागला. "फिटलं का पाप?" म्हणत तिनं त्या पुन्हा पसरल्या. पुन्हा विझला. आता कुणीतरी फिस्सकन हसलं, कुणीतरी गालिचा उचलला. खाली स्टँडवरून आलेली वायर होती आणि चौरंगाच्या पोटात चार्जर. बाबा चपला शोधू लागले.

"पण बॅटरी तर चार्ज झाली ना?" एक भक्त चाचरला.

"तुमच्याच पॅनेलवर!" नर्सबाई खाली उतरत म्हणाली. "ऊन फुकट, वीज तुमची. तीच चोरून यानं कृपा म्हणून वाटली आणि तुम्ही त्याच्या पायावर डोकी घासलीत. शी! आणि माझ्या आत्याचं औषध बंद केलं."

तिनं आत्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासली. तिचा चेहरा पडला. "दवाखान्यात चल. आत्ताच्या आत्ता."

आत्या भाचीच्या खांद्याला धरून उठली. दोन पावलं चालून थांबली आणि गर्दीकडे वळली.

"लेकरांनो, आधी गालिचा उचलून बघत जा," ती धापा टाकत म्हणाली. "हात काय, मग जोडता येतात."