बारीक नळीखालची बादली

मशीन बसवून झाल्यावर हत्यारं पिशवीत भरता भरता मेकॅनिकने बजावलं होतं, "ही बारीक नळी मोरीत सोडलीय. या पाण्याला कुणी तोंड लावायचं नाही हं, ताई. फार तर फरशी पुसा." मी बरं बरं म्हणाले. मोरीतल्या नळीला कोण तोंड लावायला जातंय? माझं सगळं लक्ष मशीनच्या तोटीतून पडणाऱ्या पहिल्या पेलाभर पाण्याकडे होतं.

त्या पेल्यासाठी मी चार महिने डोकं पिकवलं होतं. लेकीचे पुढचे दोन पक्के दात आले ते खडूने रेघा ओढल्यासारखे, पांढरे पट्टे घेऊनच. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. आमच्या इमारतीला बोअरचं पाणी. तपासून आणलं, तर फ्लोराइड हवं त्याच्या दुपटीहून जास्त. आलेल्या दातांचं आता काही होणार नाही, पण मागचे अजून हिरडीत घडताहेत, त्यांच्यासाठी पाणी बदला, असं त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून लेक पेला उचलायची आणि मी तिचे घोट मोजायचे.

सासूबाईंनी फोनवर उकळून द्यायला सांगितलं. उकळून पाणी आटतं आणि फ्लोराइड मागे राहतं, हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यावर त्यांनी, उकळलेलं पिऊनच तुझा नवरा एवढा वाढला, कुठे तडा गेलेला दिसतो का, असं विचारून फोन ठेवला. नवरा आरशासमोर जाऊन दात बघून आला.

दुकानात तर आणखी मजा. मेणबत्तीचा फिल्टर गाळ अडवतो, निळ्या दिव्याचा जंतू मारतो, कोळशाचा वास घालवतो. फ्लोराइडचं विचारलं की दुकानदार म्हणायचा, यात सगळंच जातं, मॅडम. लिहून द्या म्हटलं, की त्याला आतून कुणीतरी हाक मारायचं. शेवटी पडद्यातून पाणी दाबून काढणारं आरओ मशीन घेतलं. आठवड्याने त्याचं पाणी पुन्हा तपासून आणलं. आकडा अगदी खाली आला होता. कितीतरी दिवसांनी मला धड जेवण गेलं.

एकच गोष्ट जिवाला लागायची. एक हंडा चांगलं पाणी मिळवायला दीड-दोन हंडे त्या बारीक नळीतून वाहून जायचे. दिसायला नितळ पाणी मोरीत सोडवेना, म्हणून मी खाली बादली लावली. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत शिवणकाम करणारी एक बाई राहते. पदरात वर्षाची मुलगी, नवरा कामाला परगावी. तिच्या नळाला पाणी करंगळीएवढं यायचं. मी तिला म्हटलं, रोज दोन बादल्या घेऊन जा, कपड्याभांड्यांना होईल. आणि वर, आपल्या दानतीवर खूश होऊन, "मशीनचं आहे, स्वच्छ आहे," असंही म्हटलं. इमारतीच्या ग्रुपवर बादलीचा फोटो टाकला. तीन बिऱ्हाडांनी तेच मशीन घेतलं.

सात महिन्यांनी लेकीच्या फ्रॉकची शिवण सोडून घ्यायला मी खाली गेले. उन्हातून आले होते, तिने पाणी दिलं. तिची मुलगी शिलाई मशीनच्या पायडलजवळ बसून बाटली चोखत होती.

"घ्या ना, तुमच्याच मशीनचं आहे. हिला नळाचं देणं मी केव्हाच बंद केलं," ती म्हणाली.

मी पेला रिकामा केला. फ्रॉक दोन बोटं सोडा, एवढंच सांगून वर आले.

दुसऱ्या दिवशी चांगल्या पाण्याचा कॅन घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती, थांबली नाही. तिला वाटलं, मला बादल्या द्यायच्या नाहीत.

"द्यायचं नसेल तर तसं सांगा, ताई. एकाच बोअरचं पाणी. तुमच्याकडून आलं म्हणून वाईट कसं होईल?"

मी म्हटलं, अहो, आमच्या पाण्यातून जे काढलं जातं ते सगळं या पाण्यात येतं, त्यामुळे हे नळाच्या पाण्यापेक्षाही वाईट.

तेव्हा तिने मान वर केली. "म्हणजे तुमच्या मुलीचं काढून माझ्या मुलीला."

मी माहीत नव्हतं म्हणायला गेले, पण मला माहीत होतं. तिला नव्हतं.

त्या मुलीचे पक्के दात अजून हिरडीत आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, आजपासून चांगलं पाणी द्या, झालेलं किती ते पाच-सहा वर्षांनी कळेल. मी रोज सकाळी कॅन भरून तिच्या दाराशी ठेवते. एखाद्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत तसाच भरलेला असतो. मग ती मुलीला काय पाजते, ते विचारायचं तोंड मला उरलेलं नाही. माझ्याशी ती बोलते, पण मापापुरतं.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. तिन्ही बिऱ्हाडांनी वर केलेले अंगठे टाकले. एकीने लिहिलं, आमच्याकडची बाई ते पाणी फक्त भांड्यांना नेते. त्या दिवशी खाली जाईपर्यंत मीही हेच छातीठोकपणे सांगितलं असतं.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या घरी असं मशीन असेल, तर त्या नळीखालची बादली कोण नेतं? तिला नुसतं विचारू नका, ती भांड्यांनाच म्हणेल, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तिच्या घरी जाऊन या. घरात लहान मूल असेल, तर त्याची बाटली कुठल्या भांड्यातून भरली जाते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आजच जा.