डावीकडची दरी

बायकोला डोंगर दाखवायला कुठे न्यावं, याचा भगवान तांबे अभ्यास करत होते. आणि अभ्यास म्हटला की त्यांना वही लागायची. ही वही रेल्वेची होती. निवृत्तीच्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर ती आपोआप घरी आलेली. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं होतं : 'शकूला साठावं. डोंगरातली गाडी. चुकायचं नाही.' शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा होत्या.

रेघांना कारण होतं. भगवान बावीस वर्षं कसारा घाटात बँकर चालवायचे. बँकर म्हणजे गाडीला मागून लावायचं इंजिन. कसाऱ्याला गाडी थांबते, मागून बँकर चिकटतो, तिला इगतपुरीपर्यंत वर ढकलतो आणि तिथे सुटून मोकळाच खाली येतो. पुढचं इंजिन पार कुठल्या कुठे जातं आणि त्याचे फोटो निघतात. मागचं घाट चढून घरी येतं.

कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीतल्या दोन खोल्यांत भगवान जेवायला बसले की घाट सांगायचे. दरीत अडकलेला ढग सांगायचे, पुलाखालची गुरं सांगायचे, सिग्नलवर बसून ड्रायव्हरकडे तुच्छ नजरेने बघणारं म्हातारं माकड सांगायचे. आणि शेवटी, ताकासारखं, ठरलेलं वाक्य यायचं : "एकदा दाखवतो तुला."

ते एकदा काही आलं नाही. शकूचं माहेर माणगावचं, त्यामुळे तिचा जन्म एसटीत गेला. घाटातून ती गेली एकदाच, भुसावळच्या लग्नाला. तेही रात्री, वरच्या बर्थवर, पाय पोटाशी घेऊन. नोकरीत होते तेव्हा रजा नव्हती. रजा मिळाली तेव्हा फुकट प्रवासाचा पास होता, आणि पास हातात असला की रेल्वेचा माणूस जवळ कुठे जात नाही. कन्याकुमारीपर्यंत चालणारा कागद इगतपुरीसाठी कोण वाया घालवणार?

आता लेकीने, अमृताने, सांगून टाकलेलं, "मम्मीच्या साठाव्याला कुठेही जा, तिकिटं माझी." अमृता ठाण्याला बाळकुममध्ये तेविसाव्या मजल्यावर राहायची आणि तिथून फोनवर डोंगरातल्या गाड्यांचे व्हिडिओ पाठवायची. भगवान ते बघायचे आणि वहीत शेरे मारायचे.

"पप्पा, उटीची बघितलीत? छोटी, निळी?"

"बघितली. तिला मधे दात्यांचा रूळ आहे."

"मग?"

"म्हणजे इंजिनाचा स्वतःवर भरवसा नाही."

"बरं, शिमला?"

"चढ बरा आहे. पण सहा-सात डब्यांचं खेळणं ते. आम्ही चोवीस डबे चढवलेत."

"पप्पा, तुम्हाला गाडी ढकलायची नाहीये. मम्मीला खिडकीत बसायचंय."

"बसेल की. पण खाली ब्रेक कसले आहेत, हे कुणी बघायचं?"

जावयाने, रवींद्रने, मागून स्वित्झर्लंडचं नाव घेतलं. भगवाननी तोही व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला आणि वहीत लिहिलं : 'स्वच्छ. बँकर लागत नाही. घाट म्हणता येणार नाही.'

पंधरा दिवसांत वहीची अकरा पानं भरली. आसाम झालं, अराकू झालं, कोकण तर दोनदा झालं. एका दुपारी शकू गवार मोडत बसलेली. ती मान वर न करता म्हणाली, "अहो, मला एक सांगू का?"

"सांग ना."

"मला कसाऱ्याचा घाट दाखवा."

भगवाननी चष्मा काढला. "अगं, लेक शिमल्याला पाठवतेय."

"पाठवू दे. शिमल्यात माझं कोण होतं?"

"कसाऱ्यात काय आहे बघायला?"

"ते तुम्हीच सांगत होतात बावीस वर्षं," शकू म्हणाली. "आता आहे की नाही ते एकदा बघून येते."

भगवाननी वहीतली अकरा पानं उलटली, बाराव्यावर 'कसारा' लिहिलं आणि मग, माणूस घरच्या लग्नात जसा उगाचच घाबरतो, तसे घाबरले. परक्या डोंगराचं काय, आवडला नाही तर त्याला नावं ठेवून परत येता येतं. हा आवडला नाही तर बावीस वर्षांची जेवणं खोटी पडणार होती.

म्हणून त्यांनी काही म्हणजे काही नशिबावर सोडलं नाही. महिना ऑक्टोबर धरला : डोंगर हिरवे, धबधबे चालू, ढग कमी. गाडी सकाळची, बसायच्या डब्यांची. दरी डावीकडे, यात त्यांना शंका नव्हती. बावीस वर्षं ती त्यांच्या डाव्या कोपरापाशी होती. पण खिडकीचा नंबर डावीकडे येतो की उजवीकडे, हे डबा कुठल्या तोंडाने जोडलाय त्यावर असतं, म्हणून त्यांनी डब्यांच्या यार्डातल्या सहदेवला तीनदा फोन केला.

"भगवानदादा, एवढी चौकशी आमचे साहेबसुद्धा करत नाहीत," सहदेव म्हणाला.

"साहेबांना शकूला तोंड दाखवायचं नसतं."

जाताना डावीकडच्या खिडक्या. त्याच दिवशी परत येताना अर्थातच उजवीकडच्या. भगवाननी दोन्ही तिकिटं वहीत ठेवली आणि त्या रात्री छान झोपले.

ठरल्या सकाळी शकू जांभळी साडी नेसली. डब्यात चपात्या, बटाट्याची भाजी. कल्याणला गाडीत बसल्यापासून ती खिडकीला नाक लावून होती. आसनगावचं स्टेशनही तिने नीट बघून घेतलं. कसाऱ्याला गाडी थांबली. मिनिटभराने मागून एक दणका आला. लोकांचे चहाचे कप हिंदकळले.

"लागला," भगवान म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा पडला. "जरा हळू लावायचा रे. आम्ही लावायचो तेव्हा चहा हलायचा नाही."

"कुणाचा चहा? तुम्ही बघायला आलेलात डब्यात?"

गाडी निघाली. भगवाननी शकूच्या खांद्यावर हात ठेवला. "आता बघ. आता उघडेल."

उघडलं नाही. खिडकीबाहेर हातभरावर काळा कातळ आला. ओला, शेवाळलेला, मधूनमधून नेच्याचे तुरे असलेला. एक बोगदा गेला, पुन्हा कातळ. आणि मग डब्याच्या पलीकडच्या बाजूने, सगळे एकदम, लोक "अरे, बघ बघ" करायला लागले. फोन वर झाले. त्या माना आणि फोनांच्या फटीतून हिरवं काहीतरी चमकलं आणि गेलं.

भगवान उजवीकडे बघत राहिले. मग डावीकडच्या कातळाकडे. मग स्वतःच्या डाव्या कोपराकडे.

ड्रायव्हर डाव्या बाजूला बसतो, हे खरं होतं. दरी डावीकडे होती, हेही खरं होतं. पण ती खाली येताना. मोकळं इंजिन घेऊन रमतगमत उतरताना त्यांनी ढग बघितले, गुरं बघितली, माकड बघितलं. वर जाताना त्यांनी घाट कधी बघितलाच नव्हता. वर जाताना समोर गाडी असायची.

"शकू," ते म्हणाले, "चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"दरी तिकडे आहे."

"ते दिसतंय मला." शकूने खिडकीतून नजर काढून त्यांच्याकडे वळवली. "मग तुम्ही वर जाताना काय बघायचात?"

"शेवटच्या डब्याची पाठ. तिच्यावर पिवळी फुली असते. ही मोठी."

"नुसती फुली?"

"फुली आणि काटे. मीटरचे."

"बावीस वर्षं?"

"दिवसाला चार फुल्या. कधी पाच."

भगवान उठले, पलीकडच्या माणसाला जागेबद्दल विचारावं म्हणून. शकूने मनगट धरून त्यांना खाली बसवलं. "बसा. मागून ढकलतायत ना, ते कळतं का तुम्हाला?"

"कळतं. पाठीत."

तिने पाठ सीटला टेकवली, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसली.

इगतपुरीला उतरल्यावर ती बाहेर न जाता फलाटावरून मागे चालायला लागली. गुडघे दुखत होते, तरी शेवटच्या डब्यापर्यंत गेली. बँकर नुकताच सुटून मागे सरकलेला. डब्याच्या पाठीवर ती फुली होती, जरा धुळकटलेली. लोक देखावा बघतात तशी शकू तिच्यासमोर उभी राहिली. गाडी सुटली, फुली लहान होत वळणाआड गेली, तेव्हा म्हणाली, "चला. वडा खाऊ."

परतीच्या गाडीत उजवीकडच्या खिडक्या होत्या, आणि त्यांच्या बाहेर कातळ होता. भगवाननी चूकसुद्धा हिशेबाने केलेली, दोन्ही वेळा सारख्या काळजीने. डावीकडे एक तरुण मुलगी बसलेली, फोनात मान घालून.

"शिमल्याला गेलो असतो तर बरं झालं असतं," भगवान पुटपुटले.

"सांगा," शकू म्हणाली.

"काय?"

"जेवताना सांगायचात तसं. उतरतोय ना आपण?"

भगवाननी कातळाकडे तोंड केलं, कारण दरीकडे बघून ते सांगता आलं नसतं, आणि सुरू केलं. "आता वळण येईल. आलं. आता पूल. खाली वहाळ आहे, गुरं असतील, दोन तांबडी. आता उघडेल. ढग असला तर पलीकडच्या सुळक्याला अडकलेला असेल..."

पलीकडच्या मुलीने फोनमधून मान वर केली. ती बाहेर बघायला लागली, ते सांगतील त्या क्रमाने. दोन मिनिटांनी हळूच म्हणाली, "काकू, या ना इकडे बसा. गुरं खरंच आहेत."

"नको गं," शकू म्हणाली. ती खिडकीकडे बघतच नव्हती. तिचं तोंड नवऱ्याकडे होतं. "इथून बरं दिसतंय."

"आता बोगदा," भगवान म्हणाले.

"मोठा आहे का?" शकूने जरा जवळ सरकत विचारलं.

त्यांनी क्षणभर आठवलं. "पुरेल," म्हणाले, आणि अंधार बरोबर वेळेवर आला.