एका पाकिटातले सगळे

यशोधराला कामावरून काढलं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. तीही तसंच समजली आणि दुसऱ्या दिवशी कात्रपच्या घरून वेळेवर अंबरनाथच्या कारखान्यात हजर झाली.

आता झालं काय ते ऐका. कारखान्याचं सांडपाणी दोन टाक्यांमध्ये पाकिटातून आणून सोडलेले जिवाणू साफ करायचे आणि यशोधरा जिवाणूंवर लक्ष ठेवायची. सगळं सुरळीत होतं. मग मॅनेजर हेमंत साहेबांनी सूक्ष्मदर्शकात डोकावलं.

"सगळे एकाच पाकिटातले ना? मग काही पळतायत, काही चिकटून बसलेत, आणि हे चक्क झोपलेत?"

"सर, ते पाण्यात रसायन सोडतात. त्यावरून एकमेकांना कळतं, गर्दी किती झालीय. गर्दी वाढली की काही जण वेगळं वागायला लागतात. झोपलेले राखीव असतात."

"राखीव? आता टाकीत पण?" साहेब खो खो हसले. यशोधरा हसली नाही.

"शुक्रवारी हेड ऑफिसवाले येतायत. सगळं पाणी बदल. एकजात पळताना दिसले पाहिजेत."

मोठ्या टाकीचं पाणी बदललं. रसायन वाहून गेलं, गर्दीचा कुणालाच पत्ता लागेना, आणि सगळे जिवाणू कवायतीला उतरल्यासारखे पळू लागले. पाहुण्यांनी एकेक डोळा मिटून संचलन पाहिलं आणि समोसे खाल्ले. छोट्या टाकीवर मात्र यशोधरा डबा उघडून बसली होती.

"ऊठ तिथून."

"जेवतेय, सर."

दोन पोळ्या तिने संध्याकाळपर्यंत पुरवल्या. छोटीचं पाणी जुनंच राहिलं.

सोमवारी कुणीतरी सांडपाण्यात आम्लाचं अख्खं पिंप ओतलं. मोठी टाकी शिस्तीत मेली, एकूण एक. छोटीतलेही पळणारे गेले. झोपलेले तेवढे वाचले, पाणी निवळल्यावर जागे झाले, आणि त्यांच्याच जिवावर दोन्ही टाक्या पुन्हा चालू झाल्या.

साहेबांनी यशोधराला लगेच पत्र दिलं: हुकूम मोडला, उद्यापासून येऊ नये.

ती आली. साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवून थेट टाकीकडे गेली.

"महोदय, सदर हुकूम मोडण्यात अर्जदार एकटी नव्हती. तरी छोट्या टाकीतील प्रत्येक जिवाणूस स्वतंत्र कारणे दाखवा नोटीस बजावावी, त्याचा लेखी खुलासा मागवावा, व शेवटचा खुलासा प्राप्त होईपर्यंत अर्जदारास सेवेत कायम ठेवावे, ही नम्र विनंती."