अडकलेला हात

बैठकीतल्या कपाटावरची बॅग सासऱ्यांनी ओढली आणि तिच्यापाठोपाठ राऊटरही खाली आला. फरशीवर चांगलाच आपटला. त्याच्या दोन अँटेनांपैकी एक मान टाकल्यासारखा लोंबू लागला. दिवे मात्र लागलेलेच होते.

आवाज ऐकून सून मागच्या खोलीतून आली. सासरे चेहरा पाडून उभे होते.

“दिवे लागलेत म्हणजे चालतंय ना गं?”

“दिव्यांचं काय सांगावं, बाबा. माझ्या खोलीपर्यंत पोचतंय का ते बघू.”

ती कर्णबधिरांची दुभाषी होती. पेशंट आणि डॉक्टर दवाखान्यात असायचे, आणि ही घरी संगणकासमोर बसून एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगायची; पेशंटला हातांच्या खुणांनी, डॉक्टरांना बोलून. दुपारी असंच एक काम होतं.

“एकेक अँटेना काढून बघू,” सासरे म्हणाले. जन्मभर बस चालवलेला माणूस. काही बिघडलं की हातपाय हलवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

सून मागच्या खोलीत गेली, तिने सासऱ्यांच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला आणि कामातल्या खुणा करून दाखवू लागली. सासऱ्यांनी लोंबणारा अँटेना पिळून काढला. पडद्यावर सुनेचे हात भराभर फिरत होते, कुठे अडखळत नव्हते.

“राहिलेला शाबूत आहे. आता दुसरा बघू,” सासरे म्हणाले.

चांगला काढून त्यांनी लोंबणारा बसवला. सुनेचा हात कपाळाशी गेला आणि तिथेच थांबला. बोटं पसरलेली, तोंड अर्धवट उघडं. सासऱ्यांना हसू फुटलं.

“अगं, पुतळा झालाय तुझा!” त्यांनी तिथूनच हाक मारली.

“जागा बदलून बघा,” आतून उत्तर आलं. “कदाचित राऊटरचं भोकच बिघडलं असेल.”

त्यांनी तोच अँटेना शेजारच्या भोकात बसवला. हात पुन्हा अधांतरी. मग चांगला दोन्हीकडे लावून पाहिला; दोन्हीकडे हात सुरळीत चालले. म्हणजे राऊटर ठणठणीत, अँटेनाच गेलेला.

“मघाशी कपाळाशी हात नेऊन काय म्हणत होतीस?”

“‘डोकं कधीपासून दुखतंय?’ रोजचाच प्रश्न.”

ही दिवसभर खोलीत बसून हातवारे करते, एवढंच त्यांना माहीत होतं. तो हात मध्येच थिजला तर समोरचा माणूस काय समजणार, हे आत्ता डोक्यात शिरलं.

“दुपारी तू इथंच बस,” ते म्हणाले. “राऊटरच्या जवळ. मी बाहेर जातो, म्हणजे पेशंटचं काही कानावर नको.”

तिचं काम चालू असताना ते मोडका अँटेना खिशात घालून दुकानात गेले. दुकानदाराने नवा राऊटरच घ्या म्हणून गळ घातली.

“बसचा आरसा फुटला म्हणून कुणी बस बदलतं का हो?” सासरे म्हणाले, आणि तसलाच अँटेना घेऊन परतले.

संध्याकाळी त्यांनी नवा अँटेना बसवला आणि सुनेने मागच्या खोलीतून पुन्हा कॉल लावला. चित्र अगदी स्वच्छ होतं. तरी दोघांनीही फोन ठेवला नाही.

“आता ‘भूक लागली’ कसं म्हणायचं ते दाखव,” सासरे म्हणाले.

सुनेने दाखवलं. त्यांनी जाड बोटांनी तसं करून पाहिलं.

“बाबा, हे तर भलतंच काहीतरी झालं.”

“मग नीट शिकव की,” म्हणत ते फोन चहाच्या कपाला टेकवून ऐसपैस बसले.